दोन चादरींमधला बोगदा

३ मार्च, सोमवार

आलेले सामान: खोका एक, वजन चौदा किलो. भाडे पोचल्यावर द्यायचे होते, ते ३४०. वर चढवून देणाऱ्याने ३० मागितले. २० दिले आणि पेलाभर पाणी.

खोक्यात: पुस्तके अकरा, पैकी नऊ जाड. वह्या सहा. टेबललॅम्प एक, बल्ब नाही. चहाचा मग एक, कान तुटलेला. मोजे दोन जोड आणि एक एकटा. मी विणलेला राखाडी स्वेटर एक. काळ्या बांधणीचा प्रबंध एक, पाने १६४.

चिठ्ठी नाही. खोका उलटा करून दोनदा झटकला.

वरचा पत्ता चिरंजीवाच्या अक्षरात वाटत नाही. गोलगोल, बायकी वळण आहे. उच्च शिक्षणाने अक्षरसुद्धा सुधारते हे पाहून बरे वाटले.

निष्कर्ष: चिरंजीव घरी येणार. सामान पुढे, माणूस मागे, ही जुनीच रीत. लॅम्प घरी पाठवणारा माणूस अंधारात किती दिवस बसेल? फार तर मे. देवाला तसे सांगून टाकले. दिव्यात आज तेल थोडे जास्त.

४ मार्च, मंगळवार

संकल्प: तो यायच्या आत प्रबंध वाचून काढायचा.

कारण असे. चिरंजीव एक रविवार सोडून एक फोन करतो. आपला फोन त्याला लागत नाही, त्याचाच यावा लागतो. स्वयंपाकघरातल्या घड्याळावर मी वेळ लावते. सरासरी तीन मिनिटे चाळीस सेकंद. जेवलीस का. जेवले. तू? मीही. हवा कशी आहे. बरी आहे. तिकडे? बरी. मग दोघे थोडा वेळ गप्प, मग ठेवतो. हे गेले तेव्हापासून सहा वर्षे हेच चालू आहे. दोष त्याचा नाही. विद्वान मुलाशी विद्वान आईनेच बोलावे, मी त्याला भाजीचा भाव सांगत बसते.

पाने १६४. रोज दोन म्हणजे ब्याऐंशी दिवस. मॅट्रिकला इंग्रजीत बेचाळीस मार्क होते, तेव्हा रोज तीनही होतील.

५ मार्च, बुधवार

अर्धे पान झाले. अवघड शब्द एकतीस. शब्दकोशात सापडला एक. तो ‘तथापि’ निघाला.

आशय मात्र ध्यानात येतो आहे.

७ मार्च, शुक्रवार

समोरच्या बिऱ्हाडातल्या मास्तरीणबाईंना मदतीस घेतले. तीस वर्षे शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या. बोलणे खडूसारखे, कोरडे आणि आवाज करणारे. विषयाचे मराठी नाव त्यांनीच सांगितले, कृमिविवर. मला आधी जंताचे औषध आठवले, पण बोलून दाखवले नाही.

प्रकार असा आहे. आकाशातल्या दोन लांबच्या जागा. मधून एक आखूड बोगदा. एका तोंडाने आत शिरायचे, दुसऱ्या तोंडाने बाहेर, लांबचा रस्ता वाचला. असा बोगदा कोणी पाहिलेला नाही, पण गणितात तो बसतो. निरनिराळ्या लोकांनी त्याचे निरनिराळे नमुने कागदावर केलेले आहेत. चिरंजीव सहा वर्षे तेच करतो आहे.

सर्वांत जुना नमुना साधा. दोन जगे, मधे पूल. मास्तरीणबाई म्हणाल्या, त्यात खोट एवढीच की पूल उघडतो आणि लगेच मिटतो. मधल्या अरुंद भागाला घसा म्हणतात. तो इतक्या झटकन आवळतो की उजेडसुद्धा पलीकडे पोचत नाही, माणसाचे सोडाच.

असल्या पुलाचा उपयोग काय, असे मी विचारले. काही नाही म्हणाल्या.

त्या मानाने तीन मिनिटे चाळीस सेकंद पुष्कळच झाले.

९ मार्च, रविवार

फोन आला. चार मिनिटे पाच सेकंद. प्रगती आहे.

सामान पोचले म्हणून सांगितले. तो म्हणाला, कुठले सामान? मी म्हटले, खोका रे, चौदा किलोचा. मग हो हो म्हणाला. स्वतः पाठवलेला खोका विसरला. एवढे एकाग्र होऊन काम करणे बरे नव्हे, डोक्याला तेल लाव म्हणून सांगितले.

मेमध्ये येतोस ना, असेही विचारले. ‘बघू’ म्हणाला.

आमच्या घराण्यात बघूचा अर्थ हो असा होतो. फ्रिज घ्यायचा का म्हटल्यावर हेही बघू म्हणाले होते आणि नऊ वर्षांत फ्रिज आला.

बोगद्याबद्दल प्रश्न विचारायचा राहिला. घड्याळाकडे पाहण्यात लक्ष गेले.

१२ मार्च, बुधवार

वन्सं आल्या. दोन बिस्किटे पुढे ठेवली, त्यांनी डबा मागितला.

त्यांच्या मुलाचे फरशीचे दुकान आहे, त्याची दुसरी शाखा निघते आहे. हे आल्या आल्या सांगून झाले. मग विचारतात, तुझा अजून शिकतोच आहे का गं? आमचा म्हणत होता, दादा शिकून परत येईल तेव्हा थेट पेन्शन घ्यायलाच येईल.

मी शांतपणे कृमिविवर समजावून सांगितले. लाखो मैलांची वाट चार पावलांत होते. माणूस सकाळी निघाला तर पलीकडे काम करून दुपारच्या चहाला घरी, असे सांगितले. प्रबंधात चहाचा उल्लेख नाही, पण तात्पर्य तेच.

वन्संनी बिस्कीट चहात बुडवले आणि म्हणाल्या, ‘मग येत का नाही?’

वन्संना शास्त्र कळत नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला.

जप करताना तीनदा चुकले. पहिल्यापासून केला.

१६ मार्च, रविवार

पाने एकूण अकरा. ठरल्यापेक्षा मागे आहे, परंतु पाया पक्का होतो आहे.

दुसरा नमुना कळला. यात घसा मिटत नाही, माणूस आरामात जाऊन येऊ शकतो, अंगाला ओढाताण होत नाही. मात्र घसा आतून उघडा धरून ठेवायला एक वेगळेच द्रव्य लागते. सगळ्या वस्तू जवळ ओढतात, हे दूर लोटते. त्याची ऊर्जा शून्याच्याही खाली. मास्तरीणबाई म्हणाल्या, कणभर कुठेतरी असल्याची चिन्हे आहेत, पण दाराएवढा घसा धरायचा तर एका मोठ्या ग्रहाच्या वजनाइतके लागेल. तेवढे कोणी पाहिलेले नाही आणि दिसायची शक्यताही नाही.

मी म्हटले, दिसत नाही म्हणून नाही असे कुठे असते. चाळीस वर्षे रोज सकाळी हात जोडते, मला कोण दिसले?

मास्तरीणबाई देव मानत नाहीत. पण वाद न घालता त्यांनी पान उलटले. या विषयासाठी माझी पूर्वतयारी चिरंजीवापेक्षा जास्त आहे असे वाटू लागले आहे.

१९ मार्च, बुधवार

मोठा दिवस. तिसरा नमुना, तोच चिरंजीवाचा. हा तर शिवणकाम निघाला!

मास्तरीणबाई वाचत होत्या आणि माझे मन मशिनवर पोचले होते. दोन जगे घ्यायची, म्हणजे दोन चादरी. दोन्हींतून एकेक गोल कापून टाकायचा. दोन भोकांच्या कडा एकमेकींना जोडायच्या. झाला बोगदा. मधे लांब नळी नाही, काही नाही, इकडची चादर संपली की तिकडची सुरू. ते वेगळे द्रव्य सगळे त्या शिवणीवरच राहते, बाकी कापड साधे. प्रबंधाचे चौथे प्रकरण एवढेच पाहते की शिवणीला धक्का लागला तर ती सावरते का आवळून जाते.

शिवणीवरच सगळा ताण येतो, हे मला सांगायला सहा वर्षे लागत नाहीत. तिसरीतल्या त्याच्या चड्ड्या कोणी शिवल्या?

संध्याकाळी नमुना तयार केला. जुन्या चादरी दोन, एक निळ्या रेघांची, एक पांढरी. पहिले भोक जेवणाच्या ताटाने आखले. दुसऱ्याच्या वेळी ताटात भाजी निवडलेली होती म्हणून पातेल्याचे झाकण घेतले. झाकण अर्ध्या इंचाने लहान निघाले. शिवताना चुण्या पडल्या. हात मधे घातला की शिवण तिरकी होते आणि घसा एका बाजूला लोंबतो. भरतकामाची लाकडी रिंग शिवणीत बसवली तेव्हा उघडा राहिला.

चिरंजीवाच्या खोलीत दोन खुर्च्या आणि कपाटाची कडी यांच्यामध्ये टांगून ठेवला आहे. तो दार उघडेल तेव्हा समोर हे. काही बोलायला नको.

मास्तरीणबाईंनी बघितले, चष्मा वर केला, खाली केला. म्हणाल्या, ‘चुण्या नकोत. दोन्ही गोल सारखेच लागतात. ती पहिली अट आहे.’

उसवून पुन्हा केला. दोन्ही वेळा ताट. आता उत्तम.

२३ मार्च, रविवार

फोन आला. प्रश्न कागदावर लिहून ठेवला होता. जेवलीस का झाल्यावर लगेच विचारला: धक्का लागल्यावर घसा सावरायला काय लागते रे?

मागे खोके आपटल्यासारखे आवाज, आणि कोणी तरी मोठमोठ्याने आकडे वाचत होते. मग म्हणाला, ‘आई, ते राहू दे गं.’

आणि फोन बंद. एक मिनिट दहा सेकंद.

लाइन बिघडलेली दिसते. शिवाय प्रबंधाच्या तोंडी परीक्षेआधी विषय बाहेर फोडायचा नाही अशी सक्त ताकीद असणार.

मागच्या आवाजांबद्दल मास्तरीणबाईंना विचारले. लॅबमध्ये यंत्रे उतरवत असतील, असे माझे मत. त्या म्हणाल्या, त्याच्या विषयाला लॅब नसते, कागद आणि फळा असतो. त्यांना निवृत्त होऊन अकरा वर्षे झाली. आताच्या गोष्टी त्यांना कुठून माहीत?

२७ मार्च, गुरुवार

पुढची पाने नुसती चाळताना प्रबंधात चूक सापडली.

हातच्या काकणाला आरसा कशाला. पान ३८ वर इकडच्या बाजूच्या गोलाचे माप अडीच आहे. पान ५२ वर तिकडच्या बाजूचे दोन पूर्णांक सात दशांश. मधे कुठे कापल्याचे, वाढवल्याचे लिहिलेले नाही. तेच माप पुढे सगळीकडे गेले आहे. म्हणजे चुण्या पडणार. त्यालाही ताट सापडलेले दिसत नाही.

मास्तरीणबाईंनी दोन तास पाहिले. त्यांच्या दुधावर साय आली, ते त्यांनी तसेच पडू दिले. शेवटी म्हणाल्या, बरोबर आहे तुमचे. चौथे प्रकरण यावर उभे राहत नाही.

आयुष्यात त्यांनी मला पहिल्यांदाच बरोबर म्हटले. आनंद लपवण्यासाठी उठून दिव्याची वात नीट केली. वात नीटच होती.

संकल्प: चिरंजीवाला सांगायचे नाही. परीक्षेच्या तोंडावर मुलगा घाबरतो. आठवीत भूमितीच्या पेपरआधी त्याची एक चूक दाखवली तर रात्री जेवला नव्हता. पहिल्या पानावर त्याच्या गाइडचे नाव आणि पत्ता आहे. मोठ्यांनी आपसांत मिटवलेले बरे.

३० मार्च, रविवार

गाइडसाहेबांना पत्र टाकले. इंग्रजी माझे, दुरुस्ती मास्तरीणबाईंची. दुरुस्ती केल्यावर माझे ‘डिअर सर’ एवढे उरले.

मजकूर: पान ३८ व ५२ ची मापे जुळत नाहीत. मुलगा लहानपणापासून कष्टाळू आहे. चूक सुधारून घ्यावी, मार्क कापू नयेत. मी काही पदवीधर नाही, परंतु शिवण येते. सोबत दोन कापडांचा छोटा नमुना जोडला आहे, चुण्या असलेला, म्हणजे लगेच कळेल.

मास्तरीणबाई शेवटपर्यंत नको म्हणत होत्या. आईने कॉलेजात पत्र लिहू नये म्हणाल्या. त्यांना मूल नाही. तसे तोंडावर म्हटले नाही, पण चेहऱ्यावर आले असावे. चहा न घेता गेल्या.

६ एप्रिल, रविवार

फोनची पाळी. सकाळपासून घरात. फोनचा रिसीव्हर चारदा उचलून पाहिला, चालू आहे. मग वाटले, उचललेला असतानाच आला असला तर? नंतर उचलला नाही.

आला नाही.

परीक्षा जवळ आली की असे होते.

१० एप्रिल, गुरुवार

मास्तरीणबाई अजून आलेल्या नाहीत. एकटीने वाचते. पाने एकूण तेवीस. पुढची सगळी समीकरणे आहेत, आणि समीकरण वाचायला शब्दकोश लागत नाही, ही सोय आहे.

त्याच्या खोलीतली गादी उन्हात घातली. लॅम्पला बल्ब घेतला. लावून पाहिला, लागतो. विझवला.

१३ एप्रिल, रविवार

स्वेटर धुवायला काढला. परत पाठवला म्हणजे घातलाच नसेल, रंग आवडला नसेल, असे मनात धरून बसले होते. उलगडला तर दोन्ही कोपरांना भोके. टेबलावर हात टेकून टेकून लोकर विरून गेली आहे. उजवे भोक मोठे, लिहायचा हात तो.

म्हणजे घालत होता.

हे लिहून ठेवते कारण वन्सं एकदा म्हणाल्या होत्या की आजकालची मुले हाताने विणलेले घालत नाहीत.

तीच लोकर ट्रंकेत थोडी शिल्लक होती. कोपर विणायला घेतले. बाह्याही दीड इंच वाढवते आहे, त्याचे हात वडिलांसारखे लांब.

मास्तरीणबाई रात्री स्वतःहून आल्या. भांडणाचा उल्लेख कोणीच केला नाही. त्यांनी लोकरीचे गुंडाळे हातात धरले.

२० एप्रिल, रविवार

फोन आला. दोन मिनिटे पन्नास सेकंद.

आवाज दमलेला. परीक्षेची तारीख विचारली. पुढे गेली म्हणाला. किती? माहीत नाही. मी म्हटले, बरेच झाले, माझेही वाचन मागे आहे. कसले वाचन, म्हणाला. मी म्हटले, आहे एक. गंमत राखून ठेवली.

येण्याचे विचारले. बघू.

हो म्हणजे ठरलेच.

मागे परत तेच आकडे वाचणे. ‘एकशे बारा, ट्रकवर,’ असे स्पष्ट ऐकू आले. एकशे बारा वजा असेल का अधिक, हे विचारायला हवे होते.

२४ एप्रिल, गुरुवार

गाइडसाहेबांचे पत्र आले. पोस्टमन म्हणाला, तिकीट छान आहे, माझ्या नातवाला नेऊ का? दिले नाही.

आधी हात धुतले. देवापुढे ठेवले. मग मास्तरीणबाईंना बोलावले. त्यांनी एकदा मोठ्याने वाचले आणि एकदा मनात. मग चष्मा काढून पदराने बराच वेळ पुसला.

पत्रात असे आहे. मापे जुळत नाहीत हे तुमचे म्हणणे अगदी बरोबर आहे. कापडाचा नमुना माझ्या टेबलावर ठेवला आहे, इतक्या थोडक्यात ही अट मला कधी सांगता आली नव्हती. ही चूक तुमच्या मुलाने स्वतःच शोधली होती, मागच्या वर्षीच्या हिवाळ्यात. मी म्हटले, होते असे, महिन्याभराचे काम आहे, उसवून पुन्हा घाल. तो हो म्हणाला. रोज यायचा, खिडकीजवळच्या टेबलावर राखाडी स्वेटर घालून बसायचा, कागदाला हात लावत नव्हता. मग येईनासा झाला. आठ महिने झाले. खोलीही सोडली असे कळते. तो कुठे आहे हे तुम्हाला ठाऊक असेल असे पत्रावरून वाटले. ठाऊक असेल तर एवढे सांगा की टेबल अजून त्याचेच आहे.

गाइडसाहेबांचे वय झालेले दिसते. विद्यार्थी पुष्कळ असतात, एकाचे नाव दुसऱ्याला लागते. सहा वर्षे अभ्यास करणारा मुलगा सोडून कशाला जाईल? दर पंधरा दिवसांनी फोन करतो. काही असते तर बोलला असता.

राखाडी स्वेटर पुष्कळांचे असतात.

२५ एप्रिल, शुक्रवार

जप केला. मोजणी चुकली. पुन्हा सुरू केला नाही.

२६ एप्रिल, शनिवार

खोक्याचा पुठ्ठा कपाटाखाली घालायला ठेवला होता तो काढला. पाठवणाऱ्याच्या जागी नाव बारीक अक्षरात आहे. ते चिरंजीवाचे नाही. त्याच्या घरमालकीणबाईंचे आहे. गोल वळण त्यांचे.

चिरंजीवाने काही पाठवलेले नाही. खोली रिकामी करताना मागे राहिले ते त्या बाईंनी बांधले, वहीत घरचा पत्ता मिळाला असेल, तिथे लावून दिले. एकटा मोजासुद्धा घातला. बाई प्रामाणिक.

सामान पुढे, माणूस मागे, असे मी लिहिले आहे. मागचे पान काढून पाहिले. आहे तसेच राहू देते. शाईने लिहिलेले खोडले की पान खराब दिसते.

४ मे, रविवार

प्रश्न सात लिहून ठेवले होते. एक: कुठे आहेस. दोन: काय करतोस. तीन: जेवतोस का नीट. चार ते सात तेच, निराळ्या शब्दांत.

फोन आला. जेवलीस का म्हणाला. जेवले म्हटले. कागद हातात होता, चष्माही डोळ्यांवर होता. पहिला प्रश्न तोंडापर्यंत आला आणि ती आठवीतली रात्र आठवली. ताट झाकून ठेवलेले, आणि तो भिंतीकडे तोंड करून पडलेला.

म्हणाले, ‘तुझ्या स्वेटरची कोपरं विणली मी.’

‘कुठला स्वेटर?’

‘राखाडी.’

त्यानंतर तो बोलला नाही. मीही नाही. पण ठेवला नाही त्याने. मागे खोके पडत होते, आकडे चालू होते, नंतर तेही थांबले, कोणी तरी दिवे मालवल्यासारखी खटखट झाली. मी नुसती धरून उभी होते. हात अवघडला तेव्हा दुसऱ्या हातात घेतला.

मग म्हणाला, ‘तुझ्याकडे आला होय तो. मला वाटलं हरवला.’

आवाज बसलेला होता. सर्दी असावी. मग ठेवतो म्हणाला.

अकरा मिनिटे वीस सेकंद. आजवरचे सर्वांत जास्त.

पत्ता विचारला नाही.

१८ मे, रविवार

फोन नाही.

वन्संचा आला. मे निम्मा झाला म्हणाल्या. मी म्हटले, हो, उकाडा आहे.

१९ मे, सोमवार

त्याच्या खोलीतला नमुना काढला. धूळ बसत होती आणि रिंग भरतकामाला लागते. शिवण उसवली. दोन चादरी परत दोन झाल्या, दोन्हींना मधे ताटाएवढे भोक. एकीचा तुकडा दुसरीला लावून ठिगळे मारली. निळ्या रेघांत पांढरा गोल, पांढऱ्यात रेघा. वापरता येतील.

मास्तरीणबाईंनी मशिनचे चाक फिरवून दिले. विचारले, प्रबंध किती झाला? खरे सांगितले. एकोणतीस पाने.

म्हणाल्या, ‘पुष्कळ झाली. मला पण पुढचं येत नव्हतं.’

२० मे, मंगळवार

पत्र लिहिले. पाकिटावर घरमालकीणबाईंचा पत्ता, आत त्यांना चार ओळी, खोक्याबद्दल आभार आणि त्याचा ठावठिकाणा कळेल तिथे हे पुढे पाठवण्याची विनंती. नियमाप्रमाणे नक्कल खाली उतरवून ठेवते.

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. समोरच्या बाई बऱ्या आहेत. तुझ्या प्रबंधाची एकोणतीस पाने मी वाचली. कळली त्याहून कमी.

तुझ्या गाइडसाहेबांना मी तुला न विचारता पत्र लिहिले. ते माझे चुकले. त्यांचे उत्तर आले. ते म्हणतात टेबल तुझेच आहे. मी काही म्हणत नाही. परत जायचे तर जा, नको तर नको. ट्रकवर माल चढवणे हेही काम आहे, त्यात मान खाली घालण्यासारखे काही नाही. वन्संना काहीच सांगितलेले नाही, सांगणारही नाही.

मे महिना होऊन जाईल. गादी जूनमध्येही उन्हात घालता येते.

फोनवर बोलायला काही नसले तरी फोन करत जा. मी धरून ठेवीन.

स्वेटर तयार आहे. बाह्या दीड इंच वाढवल्या आहेत, हात लांब करून उभा राहिलास की कळेल. एकटा मोजा मागे ठेवला आहे, दुसरा तुझ्याकडे असेल तर सांग म्हणजे पाठवीन. पार्सल दोरीने बांधून झाले आहे. पत्त्याची जागा कोरी आहे. तिथे काय लिहू, ते उलट टपाली कळव.